मंगळवारी शुक्रवारचं कालवण

आरेकिपा शहराला लागून असलेल्या साचाका गावात वार कळायला कॅलेंडर लागत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला दोमितिला बेगासोच्या खानावळीवरून चालत गेलं की काम होतं. आतड्यांचा वास आला तर सोमवार. मेंढीच्या वाळवलेल्या मांसाचा आला तर मंगळवारचं चायरो. भरडलेल्या मक्याचा आला तर बुधवार. गुरुवारी भाज्यांचं, शुक्रवारी नदीतल्या कोळंबीचं दूध घातलेलं कालवण, शनिवारी बैलाच्या शेपटीचं, रविवारी पांढरं. आरेकिपातल्या सगळ्याच जुन्या खानावळींत हे असं चालतं, निदान चालायचं. पण इतक्या हट्टाने कुठेच नाही. मोठा भूकंप झाला तो शनिवार होता. अंगणाची भिंत गिऱ्हाइकांच्या पाठीमागे कोसळली. जे पळाले ते पळाले, उरलेल्यांना दोमितिलाबाईंनी शेपटी वाढली.

बाई आता एकाहत्तर वर्षांच्या. जन्म याच स्वयंपाकघरातला, चुलीपासून चार हातांवर. कळा सुरू झाल्या तरी त्यांची आई पाट्यावर रोकोतो मिरची वाटत होती आणि वाटण संपवूनच आडवी झाली, असं ती आई स्वतःच सांगायची, म्हणजे त्यातलं निम्मं सोडून द्यावं. पण त्याच हातांनी तिने तान्ह्या पोरीला उचललं हे खरं असावं, कारण बाईंचा चेहरा जन्मभर जरा लालच राहिला.

त्यांच्या घराण्यात खानावळ आईकडून लेकीकडे येते. मुलगे हिशेबात धरतच नाहीत. मुलगे ट्रकवर जातात, चिली देशात जाऊन राहतात, नाताळला फोन करतात. दोमितिलाबाईंच्या हातात कालवण वाढायचा डाव आला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि तेव्हापासून तो त्यांनी खाली ठेवलेला नाही.

बोलण्यात बाई फार काटकसरी. राग आला की मिरची वाढायची, राग गेला की ताटात चीजचा जास्तीचा तुकडा पडायचा, ज्याला समजायचं त्याने समजावं. नवरा कासिमिरो ट्रकवर होता. मोकेग्वाच्या बाजूला त्याचं काहीतरी जुळलंय असं एकदा कानावर आलं, तर घरी आल्यावर त्याला चाळीस दिवस उकडलेले बटाटे मिळाले. शब्द एक नाही. एकेचाळिसाव्या दिवशी मटण मिळालं आणि संसार पुढे सुरू झाला. तो वारला तेव्हा बाई रडल्या की नाही हे कुणी पाहिलं नाही. त्या आठवड्यात खानावळीत कांदा मात्र पुष्कळ चिरला गेला.

पार्सल हा शब्द तिथे फार उशिरा आला. आधी भांडी यायची. दुपारी बाराला मागच्या दाराशी घरोघरची पातेली रांगेत: एकाचा कान तुटलेला, एकाच्या झाकणाला दोरी, एकाचे टवके उडालेले. किती माणसांचं हवं ते कुणी सांगायचं नाही आणि बाई विचारायच्या नाहीत. पातेलं बघून डाव पडायचे. उर्सुला किस्पेचं पातेलं एका सोमवारी मोठं झालं तेव्हा जावई राहायला आल्याचं बाईंना गावाच्या आधी कळलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा लहान झालं तेव्हा जावई टिकला नाही, हेही उर्सुलाने तोंड उघडायच्या आत कळलं. बाईंनी काही विचारलं नाही. त्या दिवशी तेवढा अर्धा डाव जास्त घातला.

मग लोकांची जीभ बदलली. नगरपालिकेतले कारकून आणि पतपेढीतल्या मुली आता कामाच्या टेबलावरच जेवतात, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात फोन असतो. कोंबडीचे पंख खातात. एवढ्या कोंबडीतून नेमके पंखच का निवडावेत, हे बाईंना आजवर उमगलेलं नाही. जपानी म्हणून भाताच्या गुंडाळ्या खातात, त्यांच्या पोटात चीज असतं आणि डोक्यावर आपल्याच मिरचीची चटणी. खानावळीच्या लांब बाकांवर पूर्वी दुपारी साठ माणसं अनोळखी कोपराला कोपर लावून बसायची. या जूनमध्ये सहा-सात. त्यातले दोघे रोजचे. एक चिरिनोस मास्तर, शाळेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी जो भेटेल त्याचं उत्तर तपासणारे. दुसरा उबाल्दो, पांढरा दगड फोडणारा, ज्याच्या भुवयांवरची पूड आंघोळीनेही जात नाही.

बाईंची मुलगी एकच, नेलिदा. अडतीस वर्षांची. शहरात एका दंतवैद्याकडे अकरा वर्षं पेशंटांची नावं लिहून घ्यायची. दंतवैद्याने दवाखाना बंद केला आणि ती घरी परतली. चिरणं, धुणं, वाढणं तिच्याकडे आलं. डाव आला नाही. बाईंच्या आईनेही बाईंना स्वतः असेपर्यंत डाव दिला नव्हता, त्यामुळे यात काही चुकतंय असं बाईंना वाटायचं कारण नव्हतं. बाईंना आयुष्याकडून आता एकच गोष्ट हवी होती: आपल्यामागे ही चूल नेलिदाने चालवावी. ही गोष्ट त्यांनी नेलिदाला सांगितली नव्हती. न सांगता कळेल, असं त्या अडतीस वर्षं धरून चालल्या होत्या.

फोनवरून जेवण पोचवायची कल्पना नेलिदाची. तिने एका कंपनीत नाव नोंदवलं, प्रत्येक कालवणाचा फोटो काढला, बाईंचाही काढला. त्यात बाई पोलिसांनी काढल्यासारख्या दिसत होत्या.

"लोक घरबसल्या मागवतील, आई."

"पातेलं कोण घेऊन येणार?"

"पातेलं नाही. डबा आपला."

"मग घरात किती माणसं ते कसं कळायचं?"

"ते लिहून पाठवतात."

आपल्या घरात किती माणसं आहेत हे लोक परक्याला लिहून कळवतात, हे बाईंना जरा उघडंवाघडंच वाटलं.

अडचण पहिल्याच मंगळवारी आली. पाचापेक्षा कमी पदार्थ असलेली खानावळ कंपनी फोनवर दाखवतच नसे, म्हणून नेलिदाने सातही वारांची कालवणं यादीत टाकली होती. ऑर्डर आली: शुक्रवारचं कोळंबीचं, दोन. बाईंनी दोन डबे चायरो भरून दुचाकीवाल्याच्या हाती दिले.

"आई, त्यांनी कोळंबीचं मागवलंय."

"मंगळवारी?"

"हो."

"बिचारे," बाई म्हणाल्या. "कामाच्या माणसाच्या लक्षात राहत नाहीत वार."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक डब्यात आठवणीने एक चिठ्ठी घालू लागल्या: आज बुधवार. आज गुरुवार. नेलिदाने रडून पाहिलं, रागावून पाहिलं. आदल्या दिवशी थोडं जास्त करून फ्रीजमध्ये ठेवूया म्हणाली, तेव्हा बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

लोकांनी आपापली मतं कंपनीला कळवली. नेलिदा ती वाचून दाखवायची. 'शुक्रवारचं मागवलं, मंगळवारचं आलं. चायरो उत्तम होतं. एक स्टार.' 'गेल्या तीन वेळांत मागवलेलं काहीही आलेलं नाही. जे आलं ते सगळं संपवलं. एक स्टार.' 'डब्यात वार लिहिलेला होता. मला वाटत होतं अजून कालचाच वार आहे, त्या चिठ्ठीमुळे माझी कचेरीतली महत्त्वाची मीटिंग चुकली नाही. दोन स्टार.'

"चांगलं लिहितात लोक," बाई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. नेलिदाने तेही वाचलं. "'आपला एकत्र प्रवास आम्ही इथे थांबवत आहोत.'"

"कुठे निघाले होते ते?" बाईंनी विचारलं.

नेलिदा अंगणात जाऊन राजधानी लिमातल्या रोमुलोला फोन करत बसली. रोमुलो म्हणजे बाईंच्या मोठ्या बहिणीचा मुलगा. त्याने लिमात एक स्वयंपाकघर काढलं होतं, ज्याला टेबल नाही, खुर्ची नाही, दाराला पाटीसुद्धा नाही. एकाच शेगडीवर आठ वेगवेगळ्या नावांचं जेवण होतं आणि दुचाकीवरून जातं. बर्गर तिथलाच, चिनी भात तिथलाच, आणि आता त्याला नववं नाव काढायचं होतं: आरेकिपाचं घरगुती. सातही वारांची कालवणं, रोज. ती करता येत असतील असं माणूस त्याला हवं होतं.

आठवड्याभराने नेलिदाने सांगितलं. बाई कांदा चिरत होत्या.

"आई, मी लिमाला चालले. येत्या रविवारी."

बाईंनी पुढचा कांदा उचलला.

"रविवारी गाड्यांना गर्दी असते," बाई म्हणाल्या आणि तो चिरायला लागल्या.

इथे माझ्यासारख्याला बाईंच्या तोंडासमोर जाऊन ओरडावंसं वाटतं. चार शब्दांचं काम होतं: जाऊ नकोस, मला हवीस. पण शब्दांनी काही हलेल असं बाईंना वाटतच नव्हतं. दोन दिवस त्या विचार करत राहिल्या आणि त्यांच्या परीने विचार बरोबरच जुळला. मुलगी का चालली? फोन बंद झाला म्हणून. फोन का बंद झाला? मंगळवारी शुक्रवारचं दिलं नाही म्हणून. मग द्यावं.

मंगळवारी उजाडायच्या वेळेला त्या शहरातल्या सान कामिलोच्या बाजारात कोळंबीवालीसमोर उभ्या राहिल्या. कोळंबीवाली त्यांना तीस वर्षं ओळखत होती आणि सगळ्यांसारखीच मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची.

"पाच किलो दे."

"दोन्या दोमितिला, आज मंगळवार."

"माहीत आहे."

"शुक्रवारसाठी ठेवून देऊ का बाजूला?"

"आज."

कोळंबीवालीने छातीवर क्रूस काढला आणि तोलायला लागली. मापापेक्षा चार कोळंब्या जास्त टाकल्या. का टाकल्या ते विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

नेलिदा त्या सकाळी बॅग विकत घ्यायला शहरात गेली होती. बाईंनी एकटीनेच केलं. कोळंबीची डोकी परतली, मिरची वाटली, बटाटे, मका, शेवटी दूध, अंडी, चीज. हात ठरल्याप्रमाणे चालत होता, पण बाईंना आपण कुणाच्या तरी घरात चोरून शिरलोय असं वाटत होतं. दोनदा त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांची आई जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती.

बारा वाजता पहिले सहाजण येऊन बसले. चिचाचे, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पेयाचे, मोठे पेले समोर आले, मग वाडगे आले. चिरिनोस मास्तरांनी चमचा उचलला आणि वाडग्यात पाहिलं. लाल कोळंबी त्यांच्याकडे पाहत होती. मास्तरांनी उबाल्दोच्या वाडग्यात पाहिलं. तिथेही तेच. मास्तरांनी खिशातून डायरी काढली, तारीख पाहिली, डायरी परत ठेवली, आणि सावकाश उठून डोक्यावरची टोपी काढली. उबाल्दो उठला. बाक कुरकुरला, मग सगळेच उठले.

या टेबलावर वाराचं कालवण आजवर दोनदा चुकलं होतं. बाईंची आई गेली त्या दिवशी आणि कासिमिरो गेला त्या दिवशी. दोन्ही वेळेला बाजाराला जायला माणूस नव्हतं, घरात होतं ते शिजलं. तिसरं कारण या लोकांना माहीत नव्हतं.

"दोन्या," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "कोण वारलं?"

बाई डाव हातात धरून उभ्या होत्या. समोर सहा उघडी डोकी. एवढ्या माणसांनी आपल्याकडे बघत काही ऐकायची वाट पाहावी, हे त्यांना नवीन होतं.

"वारलं नाही कुणी," त्या म्हणाल्या. "नेलिदा लिमाला चाललीय. रविवारी."

"आणि म्हणून कोळंबी?"

"तिने जाऊ नये म्हणून." बाईंचा आवाज फुटला आणि मग तो आवरेना. "हे फोनवाल्यांना लागतं ना मंगळवारी, मग केलं. आता उद्या रविवारचं करीन, परवा सोमवारचं करीन, ते म्हणतील ते करीन. पण पोरगी गेली तर मी कुणासाठी चूल पेटवू? तुमच्यासाठी?"

"आमच्यासाठी नाही कसं?" उबाल्दो म्हणाला. मास्तरांनी त्याच्या पायावर पाय दिला.

बाईंनी दाराकडे पाहिलं. नेलिदा तिथे उभी होती, नवी निळी बॅग हातात, बॅगेला अजून दुकानाचा कागद लोंबत होता. गल्लीच्या तोंडाशीच तिला वास आला होता आणि आपणच वार चुकलो की काय, असं वाटून ती धावत आली होती.

"आई," ती म्हणाली, "फोन कायमचा बंद झालाय. आता शुक्रवारचं केलंस काय आणि नाताळचं केलंस काय. ते परत येत नाहीत."

"येत नाहीत?"

"नाही."

बाईंनी सहा वाडग्यांकडे पाहिलं. पाच किलो.

"एवढी वर्षं," नेलिदा म्हणाली, "एकदा तोंडाने सांगता आलं नाही तुला? जाऊ नकोस म्हणून?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नेलिदाने प्रामाणिकपणे विचार केला. "बहुतेक नाही."

"मग?"

"मग काय मग! मला वाटायचं तुला मी चुलीपाशी नकोच आहे. डावाला हात लावला की अशी बघायचीस जशी मी देवळातली पेटी फोडतेय."

"माझी आईपण तशीच बघायची."

"आणि तुला आवडायचं ते?"

बाईंनी हातातल्या डावाकडे पाहिलं. आवडायचं नाही. कधीच आवडलं नव्हतं. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी आईच्या पाठीकडे बघत कांदे चिरले होते. कांद्याने डोळे झोंबतात हे त्यातल्या त्यात बरं होतं.

नेलिदाने बॅग भिंतीला टेकवली, केस बांधले आणि टेबलावरचे वाडगे गोळा करायला लागली. एक, दोन, तीन. मास्तरांनी आपल्या वाडग्यावर हात ठेवला.

"मी तीन कोळंब्या खाल्ल्यात," ते म्हणाले. "तत्त्वतः हा वाडगा आता माझा."

"उभं राहून दुखवटा करता करता खाल्ल्यात?"

"बसताना."

त्यांचा वाडगा तेवढा राहिला. बाकीचे आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग नेलिदाचा.

"आई! चुन्यो भिजत घातलेला आहे इथे!"

चुन्यो म्हणजे आमच्या डोंगरावरच्या थंडीने गोठवून वाळवलेला काळा बटाटा. चायरोत तो हवाच, आणि आदल्या दिवशी भिजवावा लागतो. फडक्याखाली मोठं भांडं भरून होता.

"तू कोळंबीचं करणार होतीस ना? मग हा कशाला भिजवलास?"

"मी नाही भिजवला," बाई म्हणाल्या. "हाताने भिजवला असेल."

नेलिदा दारात आली. "चायरो व्हायला तीन वाजतील. कुणाला घाई आहे?"

उबाल्दोला दोन वाजता दगड भरायचे होते. त्याने ते सांगितलं नाही. चिचाचे आणखी पेले आले. बाई आत जायला निघाल्या तर नेलिदाने दार अडवलं आणि उबाल्दोच्या शेजारची जागा दाखवली. बाई त्या बाकावर बसल्या. स्वतःच्या खानावळीत गिऱ्हाइकाच्या बाजूने त्या कधी बसल्या नव्हत्या. बाक फारच अरुंद आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं, आणि साठ-साठ माणसं यावर इतकी वर्षं तक्रार न करता कशी बसली, याचं नवल वाटलं.

"तिकीट काढलंय?" थोड्या वेळाने त्यांनी आतल्या दिशेला विचारलं.

"काढलंय. पैसे परत देत नाहीत. तारीख बदलून देतात फक्त."

"मग बदलून घे."

"कोणती घालू?"

"तुला हवी ती घाल. मी मेल्यानंतरची."

आतून हसण्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा, मग बराच वेळ नुसता सुरीचा. बाईंनी चारदा उठायचा प्रयत्न केला. मांस आधी घातलं का, मका शिजला का, पुदिना कधी. चारही वेळेला उबाल्दोने दगडासारखा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

चायरो सव्वातीनला आलं. नेलिदानेच वाढलं, डाव तिच्या हातात होता. पहिला वाडगा तिने आईसमोर ठेवला. बाईंनी चमचा बुडवला, तोंडात घातला, आणि त्यांचा चेहरा होता तसाच राहिला. टेबलावर सगळे त्या चेहऱ्याकडे बघत होते.

मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी स्वतःच्या वाडग्यातलं चाखलं, ओठ मिटून विचार केला आणि चूक सापडल्याच्या समाधानाने म्हणाले, "मीठ कमी आहे."

नेलिदाचा चेहरा पडला. बाईंनी दुसरा चमचा घेतला. मीठ कमी होतं. मिठाच्या बाबतीत मास्तर सहसा चुकत नसत.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "या खानावळीत आता एवढंच मीठ पडतं."